मोफत वकील, पोटगी आणि पुण्याहून आलेलं 'नांदायला या'चं समन्स: काय क्रमाने करावं?

गोदाकाठ

नमस्कार. बचत गटातल्या एका ताईंसाठी विचारते आहे, त्यांना विचारूनच. नावगाव लिहीत नाही.

लग्नाला सात वर्षं झाली, मुलं पाच आणि तीन वर्षांची. आठ महिन्यांपासून त्या मुलांना घेऊन माहेरी आहेत, नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. नवरा पुण्याजवळच्या कारखान्यात कायम कामगार आहे. मारहाण व्हायची. पोलिसांत तक्रार कधी दिली नाही, मात्र एकदा सरकारी दवाखान्यात टाके घालावे लागले होते. आठ महिन्यांत नवऱ्याने मुलांसाठीसुद्धा पैसे पाठवलेले नाहीत. ताई मिळेल तशी शेतमजुरी करतात.

आता पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाचं समन्स आलंय. बायकोने नांदायला यावं, असा नवऱ्याचा दावा आहे. तारीख पाच आठवड्यांवर आहे. गावातल्या एकाने सांगितलं की तारखेला गेलं नाही तरी चालतं, कोर्ट बाईला ओढून नेत नाही. माहेरच्यांची वकील लावायची ऐपत नाही.

सरकारी मोफत वकील मिळतो असं ऐकलंय. तो कुठे मागायचा, तालुक्याला की पुण्याला? उत्पन्नाचा दाखला लागतो का? पोटगीचा अर्ज माहेरच्या कोर्टात करता येतो का? आणि पुण्याच्या तारखेचं काय करायचं?

वहिवाट

आधी वकिलाचं सांगतो, बाकीचं त्यानंतरच पुढे सरकेल.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळतो ते दिलं आहे. त्यात 'स्त्री किंवा बालक' हा स्वतंत्र गट आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे या ताईंना तहसीलदारांचा दाखला लागत नाही. बऱ्याच जणी दाखल्यासाठी सेतू केंद्राच्या चकरा मारत पंधरा दिवस घालवतात. अर्ज घेताना कोणी दाखला मागितलाच, तर 'कलम १२ खाली स्त्री म्हणून अर्ज आहे' एवढं सांगा.

तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं आणि त्याचे सचिव न्यायाधीश दर्जाचे असतात. अर्ज छापील नमुन्यात किंवा साध्या कागदावर मराठीत चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घेऊन अंगठा घेण्याची जबाबदारी कार्यालयाची आहे. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या, म्हणजे नाल्साच्या संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो. चौकशीसाठी १५१०० हा निःशुल्क क्रमांक आहे.

अर्जात गोष्ट लांबवू नका. कोण, कुठे राहते, कोणाविरुद्ध, काय हवंय, आणि चालू प्रकरण असेल तर कोर्टाचं नाव, प्रकरण क्रमांक, पुढची तारीख. सोबत आधारची प्रत आणि समन्सची प्रत जोडा. 'मला मोफत वकील पाहिजे' एवढंच लिहिलं की अर्ज सल्ल्याच्या रकान्यात जातो. टेबलावरचे वकील दहा मिनिटं सल्ला देतात आणि काम झालं अशी नोंद होते. म्हणून स्पष्ट लिहा: 'पोटगीचा अर्ज दाखल करून तो शेवटपर्यंत चालवण्यासाठी पॅनेलवरील वकील नेमून मिळावा.' पॅनेल म्हणजे मोफत प्रकरणांसाठी प्राधिकरणाने ठेवलेली वकिलांची यादी.

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच ठेवा. २०१० च्या नियमावलीप्रमाणे अर्जावरचा निर्णय जास्तीत जास्त सात दिवसांत व्हायला हवा. ते सात दिवस पोचेवरच्या तारखेपासून मोजायचे. नकार आला तर त्याच संस्थेच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं.

मोफत मदतीत वकिलाच्या फीसोबत कोर्ट फी, समन्सचा खर्च, टंकलेखन आणि नकलांचा खर्चही येतो. महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, कौटुंबिक हिंसा आणि मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफच आहे. १ ऑक्टोबर १९९४ ची शासनाची अधिसूचना आहे तशी. कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्कही लागत नाही, त्यामुळे बाहेर कोणी पाचशेचा स्टॅम्प घ्या म्हणालं तर घेऊ नका.

उंबरठा

वहिवाट यांनी वकिलाचं नीट सांगितलं. मला काळजी पुण्याच्या तारखेची वाटते.

'गेलं नाही तरी चालतं' हा सल्ला ऐकू नका. कोर्ट बाईला ओढून नेत नाही हे खरं, पण गैरहजर राहिलं की दावा एकतर्फी चालतो आणि हुकूमनामा नवऱ्याच्या बाजूने होतो. त्याचे दोन परिणाम होतात. हुकूमनाम्यानंतर वर्षभर एकत्र राहणं झालं नाही, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३(१अ) खाली तेवढ्याच कारणावर नवरा घटस्फोट मागू शकतो. दुसरं म्हणजे पोटगीच्या अर्जाला उत्तर देताना तो हाच कागद पुढे करतो: 'कोर्टाने सांगूनही ती आली नाही.' सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये रीना कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं आहे की असा हुकूमनामा असला म्हणून पोटगी आपोआप नाकारता येत नाही. न जाण्याला पुरेसं कारण होतं का, ते तपासावंच लागतं. पण ते कारण सांगायची पहिली आणि सर्वात चांगली जागा पुण्याचाच दावा आहे. तिथे गप्प बसायचं आणि नंतर तालुक्याच्या कोर्टात मारहाण सांगायची, तर पहिला प्रश्न हाच येतो की तेव्हा का नाही बोललात.

पुण्याच्या प्रकरणासाठी मोफत वकील पुण्याच्या जिल्हा प्राधिकरणाकडून मिळतो. त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. ऑनलाइन अर्ज करा, किंवा तालुका समितीत दुसरा, वेगळा अर्ज देऊन तो पुण्याला पाठवायला सांगा. दोन्ही मागण्या एका अर्जात घातल्या की एकीचाच विचार होतो आणि दुसरी फाइलमध्ये राहून जाते. पाच आठवडे पुष्कळ वाटतात, पण अर्ज पुण्याला पोचणार, वकील नेमला जाणार, तो ताईंना फोन करणार, वकीलपत्रावर सही होणार. हे याच आठवड्यात सुरू करा.

कौटुंबिक न्यायालयात आणखी एक बारकावा आहे. १९८४ च्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील हा हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते. ती रोजच्या रोज दिली जाते, फक्त तसा अर्ज वकीलपत्रासोबत जायला हवा. तारखेपर्यंत वकील नेमला गेला नाही तर ताईंनी स्वतः जावं आणि एका पानावर लिहून द्यावं: 'मोफत विधी सेवेसाठी अमुक तारखेला अर्ज केला आहे, वकील नेमणुकीसाठी व म्हणणे देण्यासाठी मुदत मिळावी.' पोचेची प्रत जोडावी. अशा अर्जावर मुदत सहसा मिळते.

प्रकरण पुण्याहून नाशिक जिल्ह्यात वर्ग करून घेता येतं. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो, कारण दोन्ही जिल्हे त्याच्याच मुंबईच्या मुख्य पीठाखाली येतात. तिथला वकील उच्च न्यायालय विधी सेवा समिती देते. लहान मुलं, उत्पन्न नसणं आणि प्रवासाचं अंतर ही कारणं कोर्ट गांभीर्याने घेतं. माहेरच्या कोर्टात पोटगीचं प्रकरण आधीच चालू असेल तर बाजू आणखी भक्कम होते. मात्र उच्च न्यायालयात अर्ज केला म्हणजे पुण्याच्या तारखा थांबल्या, असं होत नाही. वर्ग करण्याचा किंवा स्थगितीचा आदेश हातात येईपर्यंत पुण्यात कोणीतरी हजर असलंच पाहिजे. याच टप्प्यावर कितीतरी प्रकरणं एकतर्फी जातात.

तोपर्यंतच्या प्रवासासाठी पुण्याच्याच दाव्यात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मागा. वकील मोफत असला तरी एसटीचं भाडं, मुलांना सोबत नेण्याचा खर्च, बुडालेली मजुरी हे सगळं मागता येतं.

गोदाकाठ

दोघांचे मनापासून आभार. ताईंना वाचून दाखवलं.

त्यांच्या आणखी शंका आहेत. नवऱ्याचा पगार किती ते त्यांना माहीत नाही, चिठ्ठी कधी पाहिलीच नाही. लग्नाची नोंदणी झालेली नाही. पोटगीचा अर्ज वेगळा आणि हिंसाचाराचा वेगळा, असं तालुक्याला कोणीतरी सांगितलं. त्यातला कोणता करायचा? शिवाय मोफतचे वकील लक्ष देत नाहीत, वरून पैसे मागतात, असं सगळे म्हणतात.

शेवंती_म

पोटगी आणि हिंसाचार याबद्दल.

दोन्ही अर्ज माहेरच्या कोर्टात करता येतात. पोटगीचं कलम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे. जुने छापील नमुने अजून फिरतात, तेव्हा सही करण्यापूर्वी कलमाचा आकडा पाहून घ्या. कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीबाहेरच्या तालुक्यात हा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. बायको जिथे राहते तिथल्या कोर्टाला तो चालवता येतो.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ खालचा अर्जही न्यायदंडाधिकाऱ्यांकडेच असतो. स्त्री तात्पुरती जिथे राहते तिथेही तो चालतो. त्याचा आवाका मोठा आहे: संरक्षण आदेश, राहत्या घराचा हक्क, खर्च, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई, आणि या सगळ्याचे अंतरिम आदेश. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

माझं मत विचाराल तर या प्रकरणात आधी २००५ च्या कायद्याखाली जावं. मारहाण झालेली आहे, दवाखान्याचा कागद आहे आणि नवऱ्याचा पगार ठरलेला आहे. या कायद्याच्या कलम २०(६) मध्ये एक फार उपयोगाची तरतूद आहे. नवऱ्याने पैसे दिले नाहीत तर कोर्ट थेट त्याच्या मालकाला सांगू शकतं की पगारातून एवढी रक्कम कापून हिच्याकडे किंवा कोर्टात भरा. कायम कामगाराच्या बाबतीत हे वॉरंटपेक्षा लवकर काम करतं. कलम १४४ चा अर्जही सोबत करता येतो. फक्त एका प्रकरणात दुसऱ्याचा उल्लेख करावाच लागतो, आणि एकात मिळालेली रक्कम दुसऱ्यात धरली जाते. लपवलं तर विश्वास जातो.

संरक्षण अधिकारी महिला व बाल विकास विभागाकडून नेमलेला असतो. तो घटना अहवाल तयार करतो. अर्जाचा नमुना मोफत देणं आणि मोफत वकील मिळेल हे पाहणं हे कायद्यानेच त्याचं काम आहे. नोटीस बजावण्याची जबाबदारीही त्याच्यावर आहे. अहवाल नसला तरी ताई थेट अर्ज करू शकतात, पण तारखांसह नीट लिहिलेला अहवाल असला की अंतरिम आदेशाला आधार मिळतो. 'नेहमी मारायचा' असं लिहिलेल्या अहवालाचा उपयोग होत नाही. दिवाळीच्या आधी की नंतर, कशाने, कुठे लागलं, कोणी पाहिलं, दवाखान्यात कधी नेलं, असं लिहा. अचूक तारीख आठवत नसेल तर महिना आणि सण सांगा, अंदाजाने खोटी तारीख टाकू नका. उलटतपासणीत तीच एक तारीख धरून सगळं खोटं पाडायचा प्रयत्न होतो.

दवाखान्याचा केस पेपर हरवला असेल तर त्या रुग्णालयाच्या नोंदणी विभागात नकलेसाठी अर्ज करा. टाके घातले म्हणजे नोंद असणार.

कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यावा असं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात तसं क्वचितच होतं आणि बहुतेक वेळा अडतं ते बजावणीवर. नवरा घरी सापडत नाही, शेजारी सांगत नाहीत, समन्स 'इसम मिळून आला नाही' अशा शेऱ्यासह परत येतं आणि दोन महिने जातात. म्हणून अर्जातच दोन पत्ते द्या: राहण्याचा, आणि कारखान्याचा पूर्ण पत्ता विभागासकट. नवऱ्याचा मोबाइल क्रमांकही द्या.

पगाराची चिठ्ठी नाही म्हणून थांबू नका. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात ठरवून दिलं आहे की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. नवऱ्याला ते नोटीस लागल्यापासून चार आठवड्यांत द्यायचं असतं. त्याने टाळाटाळ केली तर वकिलाने लगेच अर्ज द्यावा की त्याच्या मालकाकडून वेतनपत्रक मागवा. गावाकडे त्याच्या नावावर शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन निघतात, ते जोडा. गाडीचा क्रमांकही लिहा.

ताईंनाही तेच प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल. तिथे मजुरी लपवून 'उत्पन्न शून्य' लिहू नका. मजुरी मिळते म्हणून पोटगी बंद होत नाही, ती पुरते का हे पाहिलं जातं. आठवड्यातून किती दिवस काम मिळतं, किती रुपये, पावसाळ्यात किती, असं खरं लिहा. खर्चाच्या रकान्यात मुलांची शाळा, औषधपाणी, किराणा, भाडं वेगवेगळं मांडा. मुलांची पोटगी स्वतंत्रपणे मागा, दोघांच्या नावाने. आईला किती द्यायचं यावर वाद झाला तरी मुलांच्या रकमेवर फारसा होत नाही.

लग्नाची नोंदणी नाही याने अडणार नाही. पोटगीच्या प्रकरणात लग्नाचा काटेकोर पुरावा लागत नाही. पत्रिका, फोटो, रेशनकार्ड आणि मुलांचे जन्मदाखले पुरतात. इथे तर नवऱ्याने स्वतःच 'ही माझी बायको, हिने नांदायला यावं' असा दावा लावलाय. त्या दाव्याची प्रत माहेरच्या कोर्टात लावा, लग्नाचा याहून चांगला पुरावा दुसरा नाही.

सहीशिक्का

पॅनेल वकिलांबद्दलच्या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यांवर उपाय आहेत आणि ते फारसे कोणी वापरत नाहीत.

पॅनेलवरच्या वकिलाला फी प्राधिकरण देतं. पक्षकाराकडून कुठल्याही नावाने पैसे घेण्याची त्याला मनाई आहे. झेरॉक्स, टायपिंग, 'साहेबांचा खर्च', काहीही असो. मागितले तर देऊ नका. दिले आणि मग तक्रार केली की सिद्ध करणं अवघड होतं. सचिवांकडे लेखी तक्रार द्या: कोणी, कधी, किती मागितले. प्रत्येक प्राधिकरणात मोफत प्रकरणांवर देखरेख करणारी समिती असते, तिच्यापर्यंत ती पोचली पाहिजे.

वकील नेमल्याचं पत्र मिळेल. त्यावरचं नाव आणि फोन घेऊन पहिली भेट कोर्टाच्या बोळात न करता तालुका समितीच्या कार्यालयात मागा. भेटीला जाताना दोन पानी टिपण न्या: लग्नाची तारीख, मुलांच्या जन्मतारखा, घर सोडल्याची तारीख, मारहाणीचे प्रसंग क्रमाने, नवऱ्याचे दोन्ही पत्ते, त्याच्या नोकरीची माहिती. वकिलाच्या हातात दिवसाला पुष्कळ प्रकरणं असतात. क्रमवार टिपण दिलेल्या बाईचा अर्ज आधी आणि चांगला तयार होतो, त्यात पक्षपात नाही. मूळ कागद कोणाकडेही ठेवू नका, वकिलाकडेही नाही. प्रती द्या, मूळ कागद साक्षीच्या दिवशी दाखवा.

अर्ज दाखल झाला की सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक मिळतो, तो मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि त्या दिवशी काय झालं ते दिसतं. वकील फोनवर 'तारीख पडली' एवढंच सांगतो. तारीख का पडली, तर समन्स परत आलं होतं की आपल्याच बाजूने मुदत मागितली होती, हे तिथे कळतं. सलग दोन तारखांना आपल्याच बाजूचं कोणी हजर नाही असं दिसलं, तर तिसरीची वाट पाहू नका. सचिवांकडे वकील बदलण्याचा अर्ज द्या, त्यात त्या तारखा लिहा. पॅनेलवरच्या एखाद्या वकिलाचं नाव सुचवता येतं, ते मान्य होईलच असं नाही.

एक चूक टाळा. मोफत वकील असताना मधेच नातेवाइकांनी खासगी वकील लावला, तर विधी सेवा काढून घेतली जाऊ शकते. पुढे पैसे संपले की पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

उंबरठा

समुपदेशनाचं राहिलं होतं.

पुण्याच्या कोर्टात पहिल्या काही तारखा समुपदेशकाकडे असतील. तिथे जायला घाबरू नका आणि मोकळं बोला. समुपदेशकाजवळ बोललेलं पुरावा म्हणून वापरलं जात नाही. पण तिथे, पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये किंवा लोकअदालतीत समोर आलेल्या कोणत्याही कागदावर त्याच दिवशी सही करू नका. घरी नेऊन वकिलाला दाखवते, असं सांगायचा पूर्ण हक्क आहे. लोकअदालतीत तडजोड झाली की तिला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद येते आणि त्यावर अपील नाही. तडजोड करणं सक्तीचं नाही, नकार दिला म्हणून खटला बिघडत नाही.

तडजोडीत 'एकदाच एवढी रक्कम घे आणि मुलांचंही त्यातच' असं बहुतेक वेळा पुढे येतं. मुलांची पोटगी अशी एकरकमी मिटवू नये.

नांदायला जायची तयारी ताईंची असेल, तर ती अटींसह लेखी सांगता येते: वेगळं घर, मारहाण न करण्याची हमी, मुलांच्या शाळेचा खर्च. तयारी नसेल तर का नाही, हे म्हणण्यात सविस्तर असलं पाहिजे. निर्णय ताईंचा आहे, गावाने किंवा माहेरने घ्यायचा नाही.

रानवारा

थोडं वेगळं विचारतो. पुरुषाला ही मदत मिळते का? बायकोने दावा लावलेला एक मजूर ओळखीत आहे, त्याचीही ऐपत नाही.

वहिवाट

मिळते. पुरुषाला उत्पन्नाची अट आहे. महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी वार्षिक ३ लाख रुपयांच्या आत. तो अनुसूचित जाती-जमातीचा, दिव्यांग किंवा औद्योगिक कामगार असेल तर उत्पन्न पाहिलं जात नाही. उत्पन्नासाठी प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं, अविश्वास ठेवायला कारण असेल तरच जास्त चौकशी होते. दोन्ही बाजूंना मोफत वकील असणं यात काही गैर नाही, वकील वेगवेगळे असतात. त्या मजुराने समन्स टाळू नये. हजर होऊन खरं उत्पन्न प्रतिज्ञापत्रावर मांडलं तर रक्कम त्याप्रमाणे ठरते, गैरहजर राहिला तर बायकोने सांगितलेल्या आकड्यावर ठरते.

गोदाकाठ

सोमवारी तालुक्याला जातो आहोत. एक शेवटचं. आदेश झाला आणि तरी नवऱ्याने पैसे दिले नाहीत तर?

शेवंती_म

तसं होतं, आणि तिथेच बायका थकतात. म्हणून आताच समजून ठेवा.

आदेशाची नक्कल मोफत मिळते, ती त्याच दिवशी मागा. रक्कम बँक खात्यातच जमा व्हावी असं आदेशात लिहून घ्यायला वकिलाला सांगा, खाते क्रमांकासह. रोख घेऊ नका. रोख दिले-घेतले याचा वाद वर्षभर चालतो आणि बहुतेकदा बाईच खोटी ठरते. खातं ताईंच्या एकटीच्या नावाचं असू द्या.

पोटगी सहसा अर्जाच्या तारखेपासून मंजूर होते. रजनेशच्या निकालात तसंच सांगितलं आहे. म्हणजे आदेशाच्या दिवशीच काही महिन्यांची थकबाकी उभी राहते. अर्ज लवकर दाखल करण्याचं हेही एक कारण.

कलम १४४ च्या आदेशाची रक्कम थकली तर वसुलीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, कोर्ट आपणहून काही करत नाही. हा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत हवा, नाहीतर त्या महिन्यांसाठी वॉरंट निघत नाही. 'पुढच्या महिन्यात एकदम देतो' या भरवशावर दीड वर्ष थांबलेल्या बाईचे पहिले सहा महिने असे जातात. दर तीन-चार महिन्यांनी वसुलीचा अर्ज लावत राहा, सोबत पासबुकाच्या पानाची प्रत. न दिलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही, ती वसूल करता येतेच. वसुलीच्या अर्जासाठीही मोफत वकील मिळतो. आधीचा वकील 'माझं काम आदेशापर्यंतच' म्हणाला, तर समितीकडे नव्याने अर्ज द्या.

सोमवारी दोन अर्ज वेगळे लिहून न्या, एक तालुक्याच्या प्रकरणासाठी आणि एक पुण्याच्या. प्रत्येकाच्या दोन प्रती. समन्स, आधार, मुलांचे जन्मदाखले आणि रेशनकार्ड यांच्या तीन-तीन झेरॉक्स. समन्स कोणत्या दिवशी हातात पडलं ते त्याच्या प्रतीवर आत्ताच लिहून ठेवा, म्हणणं द्यायची मुदत त्या दिवसापासून चालू झाली आहे. संरक्षण अधिकारी कोणत्या दिवशी तालुक्याला बसतात ते १८१ वर आधी विचारून घ्या, म्हणजे एकाच खेपेत दोन्ही कामं होतील.